पाटी पुढच्या दारी

कार्टर आजींच्या घरात दिवस उजाडायचा तो कड्या काढण्याच्या आवाजानं. आधी पुढच्या दाराची साखळी, मग खालची कडी, मग स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची कुरकुरणारी खिटी. त्यानंतर खिडकीचा पडदा दांडीवरून सरकायचा, पण पूर्ण नाही. बोटभर फट पडेल एवढाच. त्या फटीतून आजी रस्ता न्याहाळायच्या. वरच्या मजल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या मला हे सगळं ऐकू यायचं आणि आज या बाईची नजर कुणावर आहे असा प्रश्न पडायचा. बहुतेक वेळा माझं उत्तर ठरलेलं असायचं, माझ्यावरच.

टेक्सासातल्या शुगर लँडपासून बरंच आत, पेकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळांच्या, झाडांनी भरलेल्या एका जुन्या वस्तीत ते लाकडी घर होतं. खाली आजी राहायच्या, वर समोरासमोर दोन खोल्या. एकीत पुण्याचा अनिरुद्ध, माझ्यापेक्षा वर्षभर आधी आलेला, दुसरीत मी. दोघंही तिथल्या विद्यापीठात शिकत होतो. तोंडावर आम्ही त्यांना मिसेस कार्टर म्हणायचो, आपसात आजी. आडनाव त्यांना त्यांच्या दिवंगत नवऱ्याकडून मिळालेलं. तो अमेरिकन फौजेत होता, युद्धानंतर जर्मनीत नेमणुकीवर असताना त्यानं आजींशी लग्न केलं आणि त्यांना टेक्सासात आणलं. इतकी वर्षं होऊनही वस्तीतले लोक त्यांना 'ती जर्मन बाई' म्हणत. हे मला तेव्हा गमतीचं वाटायचं. आता मीही या देशात म्हातारा व्हायला आलो, चँडलरमध्ये स्वतःचं घर आहे, तरी आमच्या गल्लीत मी 'तो इंडियन माणूस'च आहे. आता त्यात फारशी गंमत वाटत नाही.

स्वयंपाकघर हेच त्या घराचं काळीज. भिंतीवर विमानातून काढलेला एक मोठा फोटो होता, उन्हानं पिवळा पडलेला. डोंगरउतारावर चार गावं, मधे शेतं, प्रत्येकाचं आपलं टोकदार चर्च. आजींचा मुलूख. ही चार गावं मिळून पुढे एकच ग्रामपंचायत झाली, एकच सरपंच आणि चारही गावांत मिळून आगीचा एकच बंब. तो बंब कोणत्या गावात उभा राहणार यावरून गावं वर्षानुवर्षं भांडली, असं आजी सांगायच्या. रविवारी त्यांच्या भावाचा फोन यायचा तेव्हाही त्या बंबाची चौकशी करायच्या. प्रत्येक गावाला शेजारच्या गावांनी ठेवलेलं चिडवायचं नाव असे. तळं असलेल्या आजींच्या गावाला बाकीची तिन्ही 'बेडूक' म्हणायची, वरच्या गावाला 'ताकपिते'. हे ऐकलं की मला वऱ्हाडातली आमची गावं आठवायची. फरक एवढाच की आमच्याकडे चिडवायची नावं गावागावांत नव्हती, गावाच्या आतच होती.

आजी मसूर रांधायच्या. कणकेसारखं सैल पीठ लाकडी फळीवर पसरून सुरीनं त्याच्या बारीक वळ्या उकळत्या पाण्यात झरझर उतरवायच्या आणि त्या वळ्यांवर मसुराची डाळ. त्या डाळीत चक्क व्हिनेगर घालायच्या. पहिल्यांदा मी घास तोंडात घेतला आणि पाण्याचा पेला ओढला. अनिरुद्ध मराठीत म्हणाला, "आंबट आमटी समज आणि गिळ, यार." समजून गिळली, आणि पुढे ती इतकी आवडली की आजही तब्येत बरी नसली की मी तीच करतो.

अनिरुद्धनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मिलिंद काय? आय मीन, आडनाव?"

"वानखडे."

"अच्छा, वानखडे." तो थोडा थांबला. "वानखडे म्हणजे तुमच्याकडे दोन्ही असतात ना?"

मी म्हणालो, "आमच्याकडे सगळंच असतं." तो हसला, मीही हसलो. पण त्या दिवसापासून आमच्यात एक न विचारलेला प्रश्न राहायला आला, जणू तिसरा भाडेकरू. आईनं टॉवेलात गुंडाळून दिलेली बुद्धाची छोटी मूर्ती मी बॅगेतून बाहेर काढली नाही. खोलीत कधी कोण डोकावेल याचा नेम नव्हता.

मी काही कुणी मोठ्या घरातला नव्हतो. बाबा तालुक्याच्या शाळेत शिपाई होते, घंटा द्यायचे. आजोबा त्याआधी खेड्यात होते. पहाटे चावडीपुढचं अंगण आणि पाटलाच्या वाड्यापुढचा रस्ता झाडणं हे त्यांच्या वाट्याचं काम. त्यांच्या बापाच्याही वाट्याचं तेच. एके दिवशी ते खराटा चावडीच्या पायरीवर ठेवून बायकोपोरांसह निघून आले, ते परत गेले नाहीत. त्यांनी बाबांना फार काही शिकवलं नाही, एकच सांगितलं: कुणी हातात झाडू दिला तर घ्यायचा नाही. बाबांनी ते मला सांगितलं. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर, आणि त्या पदवीच्या खाली हे एक वाक्य लिहिलेलं होतं असं म्हटलं तरी चालेल.

त्या सप्टेंबरात ते दोन मनोरे कोसळले आणि आमची गल्ली बदलली. समोरचे मिस्टर डेल सकाळी हात करायचे, ते हात करेनासे झाले. त्यांच्या दारावर मोठा झेंडा लागला. बसथांब्यावर माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. अनिरुद्धनं आपल्या दप्तराला झेंड्याचा स्टिकर लावला आणि मलाही एक दिला. आजी अधिकच कड्या लावू लागल्या. मी बाहेर निघालो की विचारायच्या, "कुठे? कधी येणार? कोणाबरोबर?" मी उत्तरं द्यायचो आणि जिना उतरताना मनात धुसफुसायचो. ही बाई माझी नोंद ठेवते आहे, उद्या कुणी विचारलं तर सांगायला.

ऑक्टोबरात, सहामाही परीक्षेच्या आठवड्यात, शनिवारी सकाळी मी खोलीचं दार उघडलं तर बाहेरच्या मुठीला एक पाटी टांगलेली. ओळखीची होती, इतके दिवस ती स्वयंपाकघरात आजींच्या खिळ्यावर असायची. मी तिला शोभेची वस्तू समजत होतो. ओकच्या लाकडाची तळहाताएवढी पाटी, दोरी लावलेली, तिच्यावर कोरलेला झाडू. आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा केलेला खराखुरा झाडू.

मी त्याच्याकडे किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. समोर अनिरुद्धचं दार बंद होतं, त्यावर काहीही नव्हतं. दर शनिवारी आजी पुढची पायवाट आणि फुटपाथ झाडायच्या हे मला माहीत होतं. त्यांचा गुडघा दुखावला होता हेही माहीत होतं. म्हणजे आता कुणीतरी झाडणारा हवा होता. घरात दोन मुलं होती आणि त्यांनी दोघांतून मला निवडलं होतं. का मलाच? त्यांना कसं कळलं? की कुणी सांगितलं? त्या बंद दाराआड रेडिओ हळू आवाजात चालू होता, आणि मला वाटलं, अनिरुद्ध माझ्यावर हसतो आहे.

पाटी घेऊन मी खाली गेलो आणि टेबलावर ठेवली. जरा जोरातच ठेवली असेल, कारण कपातली कॉफी हलली.

"मिसेस कार्टर, मी तुमचा नोकर नाही. मी भाडं देतो."

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचं इंग्रजी अजून खडबडीत होतं. "नोकर? कोण म्हणालं नोकर?"

"मी महिनाअखेर खोली सोडतो."

एवढं बोलून मी वर आलो. थोड्या वेळानं खालून खर्र खर्र आवाज सुरू झाला. खिडकीतून पाहिलं तर आजी एका हातानं कुंपण धरून दुसऱ्या हातानं पेकनची फुटकी टरफलं लोटत होत्या. समोर मिस्टर डेल पानं उडवायचं यंत्र बंद करून त्यांच्याकडे बघत उभे होते. मी पडदा ओढला आणि बॅग पलंगावर काढली. खरं सांगायचं तर जायला जागा नव्हती. गाडी नव्हती, सत्र अर्ध्यावर आलेलं, आणि विद्यापीठाची बस जिथून मिळेल अशी मला परवडणारी दुसरी खोली त्या भागात नव्हती. ओळखीच्या एका मुलाच्या सोफ्यावर झोपायचं आणि परीक्षा द्यायच्या, एवढाच बेत होता. तरी मी कपडे भरत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. आजी स्वतः जिना चढून आल्या होत्या, धापा टाकत. "जेवायला ये. मसूर आहे. आणि मला सांग, पाटी तुझ्या दारावर कशी आली?"

"तुम्हीच लावलीत."

"नाही. मी अनिरुद्धच्या दारावर लावली. तो जुना, म्हणून त्याची पाळी पहिली. त्याच्यानंतर तुझी. मग माझी. मग परत त्याची. मी त्याला सगळं सांगितलं होतं. त्यानं तुला नाही सांगितलं?"

मी त्यांच्यामागून खाली गेलो. ताटात डाळ वाढता वाढता त्यांनी भिंतीवरच्या फोटोतल्या एका गावावर बोट ठेवलं. तळ्याच्या कडेला एक मोठं छप्पर होतं. "इथं, या माळ्यावर, आम्ही राहत होतो. हे माझं गाव असं मी सांगते. पण मी इथली नाही. युद्धानंतर आम्हा जर्मनांना पूर्वेकडच्या आमच्या मुलखातून हाकललं, सामानासकट या गावावर आणून टाकलं. गावाला आम्ही नको होतो. या गावात एक पाटी घराघरांतून फिरते. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं त्या आठवड्यात विहिरीभोवतीचा रस्ता झाडायचा. पाटी उजवीकडच्या दारी यायची आणि मग आम्हाला ओलांडून डावीकडच्या दारी जायची. आम्हाला कुणी झाडू दिला नाही. माझी आई आमच्या मुलखात शाळेत शिकवायची. ती खिडकीतून बघायची आणि मला म्हणायची, हेडविग, आज पण गेली पुढे."

"झाडू मिळाला नाही म्हणून दुःख?" मी न राहवून म्हणालो.

"ज्याच्या दारी पाटी, तो गावचा. इतकं सोपं आहे. एक दिवस ती आमच्या दारावर आली. आईनं चर्चला जातानाचा ठेवणीतला एप्रन घातला आणि झाडलं. संपूर्ण गाव बघत होतं." त्यांनी फोटोवरचं बोट काढलं. "इथं टेक्सासात मी इतकी वर्षं एकटीच झाडते. मग हे मनोरे पडले. हे लोक तुम्हाला दोघांना कसे बघतात ते मी खिडकीतून बघते. ती नजर मला माहीत आहे. म्हणून ठरवलं, या घरात पाटी फिरली पाहिजे. रस्त्यावरून दिसलं पाहिजे, घरचं कोण ते."

त्यांच्या गावात बाहेरून आलेल्यांना झाडू मिळत नव्हता म्हणून ते परके. आमच्या गावात तो हातातून सुटत नव्हता म्हणून आम्ही. आमच्याकडेही पाटी होतीच म्हणायची, फक्त ती आमच्या दारावरून पुढच्या दारी कधी गेली नाही. हे सगळं त्यांना इंग्रजीत कसं सांगावं हे मला सुचलं नाही. मी डाळ खाल्ली. त्या दिवशी त्यांनी व्हिनेगर जास्त घातलं होतं.

वर आलो आणि अनिरुद्धचं दार वाजवलं.

"पाटी तुझ्या दारावर होती."

"अरे हो यार, सॉरी. मिडटर्म होती ना. मी म्हटलं एक वीक तू घेशील, पुढचा मी घेईन. तू एवढा इश्यू का करतोयस? झाडूच तर आहे."

"झाडूच आहे, तर तू का नाही मारलास?"

"मला सवय नाही रे. आमच्याकडे बाई येते. तुमच्याकडे..." आणि तो थांबला.

"आमच्याकडे काय?"

"काही नाही. तुमच्याकडे, म्हणजे गावाकडे, अंगण वगैरे असतं ना."

"माझे आजोबा दुसऱ्यांची अंगणं झाडायचे, अनिरुद्ध. तुला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर हे."

त्याचे कान लाल झाले. "मी तसं काही मनात धरून नाही केलं. आईशप्पथ."

त्यानं ते मनात धरून केलं होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. पुढे आमची मैत्री झाली, माझ्या लग्नात तो नाचला. पण हे मी त्याला पुन्हा विचारलं नाही. खरं तर त्याचं त्यालाही ते माहीत नसावं.

त्या संध्याकाळी घरी फोन लावला. बाबांना सगळं सांगितलं. फोनमधून अंगणातल्या नळाचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "थे बाई सोता झाडते काय?"

"हो बाबा. पाळीनं."

"आन् थो पुण्याचा पोरगा?"

"त्याचीही पाळी आहे."

"मंग पाय बापू. पाळी खरंच फिरते का थे पाय. फिरत असन तं राय. नायतं ये निंघून."

मी बॅग पलंगाखाली सरकवली, पण रिकामी केली नाही.

आजींनी तो शनिवार आपल्या नावावर धरला नाही, अनिरुद्धच्याही नाही. "चुकलेली पाळी देवाची," असं काहीतरी म्हणाल्या आणि पाटी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पण अनिरुद्धचे दोन पेपर अजून बाकी होते म्हणून माझ्यापासून. मला त्यातही काळंबेरं दिसलं. परत मीच पहिला. तरीही बाबांचं वाक्य आठवून मी पुढच्या शनिवारी दारावरची पाटी काढून स्वयंपाकघरात ठेवली आणि झाडू घेऊन बाहेर पडलो. अंगावर इस्त्रीचा शर्ट घातला होता. का, ते सांगता येत नाही. आजींच्या आईचा एप्रन डोक्यात असेल.

फुटपाथवर टरफलांचा खच होता. मी अर्धा झाडून काढला असेल, तेवढ्यात पोलिसांची गाडी हळू येऊन कुंपणाला लागून थांबली. समोर मिस्टर डेल जाळीच्या दाराआड उभे होते, हातात फोन. अधिकारी तरुण होता, माझ्याच वयाचा. "सर, तुम्ही इथं काय करताय?"

"झाडतोय."

"हे घर तुमचं आहे?"

"मी इथं राहतो."

"हातातलं खाली ठेवा, प्लीज. आणि ओळखपत्र दाखवा."

ओळखपत्र वर खोलीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला झाडू खाली ठेवायला सांगत होतं, आणि माझी बोटं त्याच्यावरून सुटत नव्हती. अधिकाऱ्याचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेलेला मी पाहिला. तेवढ्यात साखळी निघाल्याचा, मग कडी काढल्याचा आवाज आला. आजी पायऱ्या उतरत होत्या, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले आणि त्या हातात माझ्या दारावरची पाटी.

"मॅम, तुम्ही या माणसाला ओळखता?"

"हा त्याचा आठवडा आहे," आजी म्हणाल्या.

"मॅम, मी विचारतोय की..."

"मी सांगते आहे." त्यांनी पाटी त्याच्या नाकासमोर धरली. "ही त्याच्या दारावर होती. माझ्या घरात त्याच्या दारावर. पुढच्या आठवड्यात माझ्या दारावर. तुला दिसतो हा झाडू? त्याचा आठवडा! आणि त्यानं अजून अर्धाच झाडलाय, त्याला झाडू दे!"

अधिकाऱ्याला त्यातलं काहीच कळलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण पीठ लागलेल्या म्हातारीशी वाद घालण्याचं त्याला शिकवलेलं नसावं. त्यानं समोरच्या घराकडे एकदा पाहिलं, "हॅव अ गुड डे, मॅम," म्हणाला आणि गेला. मिस्टर डेल यांचं दार लागलं. आजी रस्ता ओलांडून त्यांच्याकडे जातील असं मला वाटलं. त्या गेल्या नाहीत. फुटपाथकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कोपरा राहिलाय."

मी कोपरा झाडला. मग पाटी घेऊन आत गेलो आणि स्वयंपाकघराशेजारच्या, आजींच्या खोलीच्या दाराला ती टांगली. घरमालकिणीच्या दाराला. टांगली आणि तिथंच थोडा थांबलो. कुणी म्हणेल, हे काय करतोस. आजी फळीवरून वळ्या उतरवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. आजोबांच्या गावात पाटलाच्या दाराला असं काही टांगता आलं असतं तर ते गाव त्यांनी सोडलं नसतं, असं त्या दिवशी मनात आलं. दुपारी मी बॅगेतली मूर्ती काढून खिडकीत ठेवली.

पुढच्या शनिवारी आजींनी झाडलं, गुडघ्याला पट्टा बांधून. मी मदतीला गेलो तर त्यांनी झाडू मागे घेतला. "तुझा आठवडा नाही." मग अनिरुद्धची पाळी आली. त्या शुक्रवारी जेवताना तो एक शब्द बोलला नाही आणि मला खात्री झाली की उद्या पाटी पुन्हा माझ्या दाराच्या मुठीला असणार.

शनिवारी जाग आली ती आवाजानं. खर्र, खर्र, मधे मोठी विश्रांती, पुन्हा खर्र. सवय नसलेल्या हाताचा झाडू. पण मला एकदम वाटलं, आजीच असतील. गुडघ्यामुळे थांबत असतील. त्या पोरानं त्यांना पटवलं असेल. मी उठलो आणि पडदा बोटभर सरकवला. खाली अनिरुद्ध होता. कानात गाणी, पायात सपाता, टरफलं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर नेत होता. रस्त्यापलीकडे मिस्टर डेल आपल्या पायरीवर उभे राहून बघत होते.

मी परत अंथरुणात शिरलो आणि पांघरूण ओढून घेतलं. बाबांना फोन करायचा होता, पण त्याआधी तो आवाज थोडा वेळ ऐकायचा होता. माझ्या खोलीच्या बरोबर खाली पडद्याची दांडी हळूच वाजली. पाळी खरंच फिरते का, हे आजीही बघत होत्या.